बारा बोललो असतो

रविवार, ७ मार्च १९४८. टेकडीवरच्या साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव. रक्कम रुपये अकरा. हजर माणसं चार: बोली पुकारणारा कारकून, बंगल्याचा माळी रामा, आमचे शेजारी हसनमियां आणि मी. धोंडिबा, तू हजर नव्हतास.

हे शेवटचं वाक्य आधी लिहून टाकतो, कारण पुढची आठ वर्षं तू त्याच्यावरूनच माझ्याशी भांडलास.

साहेब बोटीने मायदेशी निघून गेला होता आणि त्याचं उरलंसुरलं विकायला काढलं होतं. दोन पितळी कंदील, एक वेताची आरामखुर्ची आणि एक कुत्री, सगळं मिळून एकच बोली. मला कंदील हवे होते. हसनमियांना खुर्ची हवी होती, पण कुत्री घरात चालणार नाही म्हणून ते दहावर थांबले. मी अकरा म्हटलं. कारकुनाने एक वार, दोन वार, तीन वार असं घाईघाईने म्हणून टाकलं, कारण त्याला जेवायला जायचं होतं. उतरताना हसनमियां म्हणाले, "नाना, कंदिलाला वात लागते, हिला काय लागतं ते विचारून घेतलंस का?"

विचारलं नव्हतं. रामाने आपणहून सांगितलं तेवढंच. साहेब तिला मेग म्हणायचा, आमच्या तोंडी तिचं मेगी झालं. साहेबाच्या मुलखात ही जात मेंढरं राखायला पाळतात. हिचे आईबाप तिकडून बोटीने आलेले, ही मात्र इथेच जन्मली. वय वर्ष-सव्वा वर्ष, आणि मेंढरू असं तिने आजवर पाहिलेलं नाही. अंगावर काळे-पांढरे लांब केस, एक कान उभा, एक अर्धा मोडलेला. चालताना मान खाली घालून ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला दोनदा वाटलं आपलंच काहीतरी चुकलंय.

आमच्या वाडीत नारळ, सुपारी, सात कोंबड्या, एक म्हैस आणि आम्ही दोघं. दिवेआगरच्या त्या पट्ट्यात मेंढरू दिसायचं ते फक्त तू यायचास तेव्हा. तू आधीची तीन वर्षं येत होतास. भातकापणी झाली की घाटावरून कळप घेऊन उतरायचास आणि आमच्या शेतात खताला मेंढरं बसवायचास. शेताला लेंड्या, तुला शंभर मेंढरांमागे ठरल्याप्रमाणे भात. पण तुला यायला अजून नऊ महिने होते, आणि ते नऊ महिने मेगीने आमच्यावर काढले.

पहिल्या आठवड्यात तिने सातही कोंबड्या गवताच्या उडवीमागे दाबून ठेवल्या. एकीलाही दात लावला नाही, फक्त हलू दिलं नाही. अंडी बंद झाली. मग तिने म्हैस धरली. मग विहिरीवर येणाऱ्या बायका. तिचं धावणं मी एकदा मोजलं. कुंपणापासून समुद्राकाठच्या पुळणीपर्यंत आणि परत असे सव्वीस फेरे, सकाळच्या चहापासून आमच्या जेवणापर्यंत, आणि जेवताना ती ताजीतवानी दारात उभी. श्रावणातल्या सत्यनारायणाला एकवीस माणसं आली होती. आरती होईपर्यंत एकवीसच्या एकवीस ओटीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली. भटजी हात धुवायला तुळशीपाशी गेले, तर त्यांनाही ती टाचेशी तोंड नेत नेत परत घेऊन आली. आमची मंडळी प्रसादाचं ताट घेऊन उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "ही कुत्री आहे का पोलीसपाटील?"

पावसाळ्यात तिचे हाल झाले. इतके केस, आणि चार महिने ते वाळायचं नाव नाही. मी गोणपाटाने पुसायचो. कानामागे, काखेत गोचीड. रॉकेलची वाटी घेऊन बसायचो आणि मोजायचो. एका दिवशी त्रेचाळीस निघाल्या. पाठीवर खरूज आली. मी तिला भात आणि सुकटीचं पाणी घालत होतो, चांगलं पोसतोय या समजुतीने, आणि ती अंग खाजवून खाजवून लाल करत होती. भाद्रपदात तिने स्वतःची शेपटी चावायला सुरुवात केली. मी हसनमियांना म्हटलं, एखादं चांगलं घर बघा हिच्यासाठी. ते म्हणाले, "चांगलं घर सोड, हिला मोठं मैदान बघ."

मार्गशीर्षात तू आलास.

तो दिवस आपण दोघांनी इतक्या वेळा एकमेकांना सांगितला, की आता त्यातलं माझं किती आणि तुझं किती, ते मला सांगता येत नाही. कळप बांध ओलांडून आमच्या कापलेल्या शेतात उतरला आणि मेगी कुंपणावरून गेली. मी ओरडत मागे धावलो. मला वाटलं, आता दोन-चार मेंढरं फाडणार आणि ती मला भरून द्यावी लागणार. तुझ्या बायकोने, ठकूबाईने, काठी उगारली. तू तिचा हात धरलास. म्हणालास, "थांब. बघू दे."

मेगी कळपापासून वीसेक हातांवर आली आणि पोटावर आडवी झाली. नाक जमिनीला, मागचे पाय आखडलेले, नजर समोर. मेंढरं गोळा झाली. ती एक पाऊल सरकली, कळप एक पाऊल सरकला. कोणी शिकवलं नव्हतं. नऊ महिने आमच्या घरात ज्याला आम्ही खोडी म्हणत होतो, ते सगळं त्या शेतात ओळीने उभं राहिलं. तू बोटं तोंडात घालून शीळ घातलीस, ती डावीकडे वळली. तू मुंडासं काढून हातात घेतलंस.

"नाना, कुणाची ही?"

"माझी."

"न्हाई."

"म्हणजे काय? पैसे मोजलेत."

"किती?"

"अकरा."

तू पुन्हा एक शीळ घातलीस, ती उजवीकडे वळली. मग म्हणालास, "म्या आसतो तर बारा बोललो आसतो."

तेव्हा मला गंमत वाटली. पुढे तू हेच वाक्य दरवर्षी आल्या आल्या म्हणायला लागलास, रामराम म्हणावं तसं. मी दरवर्षी उत्तर द्यायचो, "पण तू नव्हतास." मग ठकूबाई म्हणायची, "झालं दोघांचं? आता पानी द्या कुनीतरी."

कुत्री कशी पाळायची ते तू मला शिकवलंस, हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. सुकट बंद कर म्हणालास, बंद केली, पंधरा दिवसांत खाज गेली. नाचणीची भाकरी ताकात कुस्करून दे म्हणालास, दिली. "हिला खायला कमी न्हाई पडत, नाना. काम कमी पडतंय," म्हणालास. सकाळी ती तुझ्याबरोबर जायची आणि दिवेलागणीला आमच्या ओटीवर येऊन पडायची, पंजे पसरून, घोरत. पोलीसपाटलाची ड्यूटी संपली, असं आमची मंडळी म्हणायची. कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या.

पण एका बाबतीत तू चुकलास, आणि ते मी आजही म्हणतो. फाल्गुनात तू मेंढरांची लोकर कातरलीस. मी तळा गावी बाजाराला गेलो होतो. चार दिवसांनी परतलो तर मेगी दिसेना. हाका मारल्या. भाताच्या कणगीमागून काहीतरी गुरगुरलं. ओढून बाहेर काढलं तर समोर एक गुलाबी, हडकुळं जनावर, शेपटीच्या टोकाला तेवढा एक झुबका. कळपाबरोबर तू तिलाही कातरून टाकलं होतंस!

"आवं, हलकं वाटतंय तिला," तू म्हणालास.

"ती मेंढी आहे का?"

"मेंढीपरास शानी हाय. गप उभी ऱ्हायली."

दोन दिवसांत तिची पाठ उन्हाने भाजली. आमच्या मंडळींनी खोबरेल आणि हळद लावली, त्यामुळे ती पिवळी झाली. महिनाभर ती कळपाकडे गेली ती केवळ सावलीसावलीने. मी तुला सांगत होतो की त्या केसांनीच ऊन आणि पाऊस दोन्ही अडतं, ते उगीच दिलेले नाहीत. तू म्हणत होतास, लोकर ती लोकर. पुढच्या वर्षी तू पाठीला हात लावला नाहीस, फक्त पोटाखालचे आणि पायांचे केस कातरलेस, जिथे कुसळं आणि चिखल धरतो तिथले. ते अगदी बरोबर होतं. गोचीड निम्म्याहून कमी झाल्या. मी ते पाहिलं, मोजलं, आणि तुला सांगितलं नाही, कारण पाठीचं तू मान्य करत नव्हतास. आता सांगतो. पोटाचं आणि पायांचं तुझं बरोबर होतं. पाठीचं माझं.

वैशाखात तू घाटावर निघालास तेव्हा मी तिला खांबाला बांधून ठेवलं. अकरा रुपये मी मोजले होते, कुत्री माझी होती. जाताना तू तिच्याकडे बघितलं नाहीस. तिने तीन दिवस खाल्लं नाही. चौथ्या दिवशी सकाळी आमची मंडळी म्हणाली, "पावसाळ्यात परत त्रेचाळीस गोचीड मोजायच्यात का तुम्हाला?" मी दोरी सोडली आणि तिला घेऊन निघालो. म्हसळ्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तळ्याच्या अलीकडे तुझा कळप गाठला. तुला बघून ती धावली नाही, आधी कळपाला एक पूर्ण फेरी मारून आली. तू विचारलंस, "किती?"

"विकायला आणलेली नाही," मी म्हटलं. "पावसाळा तुझ्याकडे. कोकणात असशील तोवर दिवसा तुझ्याकडे, दिवेलागणीनंतर माझ्या ओटीवर. पण कुत्री माझी."

"बारा देतो की."

"कुत्री माझी, धोंडिबा."

"बरं, बरं. पानी तरी प्या."

कोरड्या माळावर तिची पाठ कायमची बरी झाली. दर मार्गशीर्षात ती तुझ्या पुढे अर्धा कोस धावत येऊन आमचं कुंपण ओलांडायची, आणि तिच्या भुंकण्यावरून आमची मंडळी तुझ्यासाठी चहाचं आधण ठेवायची.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते लिहितो. पाचव्या वर्षाची गोष्ट.

खाडीपलीकडच्या खारीवर चारा चांगला होता. ओहोटीला मधला ओहोळ गुडघाभर पाण्यातून ओलांडता येतो, भरती चढली की येत नाही. तू मला वेळ विचारलीस, कारण गावात सगळेच मला विचारतात. आमच्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीचा तास निघतो. मी अंगणात उभ्या उभ्या अमावास्येपासून बोटांवर दिवस मोजले. पंचमी. पाच पाऊण पावणेचार. त्याच्या दोन तास आधी ओहोळ भरतो. म्हणून तुला सांगितलं, "पावणेदोनच्या आत परत ये." तू आकाशाकडे बघितलंस, काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मग म्हणालास, "तुमी म्हनता तर तसं."

त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस होती. पंचांग खुंटीवर होतं, मी उघडलं नाही. त्या दिवशी पंचमी नव्हती, चतुर्थी होती. पाणी पाऊण तास आधी आलं.

मी बांधावर गेलो तेव्हा एक वाजला होता आणि ओहोळ भरत होता. पलीकडे तू, मेगी आणि सत्तर मेंढरं. मेंढरं पाण्यात पाय घालेनात. मी घड्याळ हातात घेऊन ओरडत होतो, आणि त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच झालं. तू पुढच्या एडक्याला शिंगाला धरून छातीभर पाण्यात उतरलास. मागून मेगी. ती आडवी झाली, उठली, डावीकडून आली, उजवीकडून आली, मागे राहिलेल्याच्या टाचेला धरलं, सोडलं, परत आडवी झाली. कळप एका पट्टीसारखा पाण्यात उतरला. शेवटी ती स्वतः पोहत आली, नाक तेवढं वर. काठावर चढून तिने अंग झाडलं आणि परत पाण्याकडे वळली, कारण दोन कमी होती. तुझ्या आणि माझ्या दोघांच्या आधी तिने मोजलं होतं. तू तिच्या मानेवर आडवा पडून तिला धरून ठेवलंस, नाहीतर ती गेली असती.

तोवर गाव जमलं होतं. कोणीतरी म्हणालं, "नानांना वेळ विचारली नव्हती का रे?" तू भिजलेलं मुंडासं पिळत होतास. म्हणालास, "इचारली हुती. त्यांनी बराबर सांगितली. मलाच उशीर झाला."

मी तिथे, दोन हातांवर उभा होतो. मी गप्प बसलो.

घरी येऊन पंचांग उघडलं आणि चूक सापडली. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू ओटीवर येऊन म्हणालास, "आता तरी बारा घ्या की नाना, माझी मेंढरं वाचवली तिनं." तो सांगायचा क्षण होता. मी म्हणालो, "पण तू नव्हतास." तू हसलास. मीही हसलो. त्यानंतर तीन वर्षं तू येत राहिलास, आपण चहा प्यालो, कातरण्यावरून भांडलो, मेगीच्या तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागले ते बघितलं. दर वर्षी मी ठरवायचो, आणि दर वर्षी आधी भाताचा विषय निघायचा.

या मार्गशीर्षात मेगी अर्धा कोस पुढे आली नाही. ती कळपाबरोबर चालत आली, ठकूबाईच्या उजव्या पायाशी. पुढे तुझा धाकटा भाऊ होता. आमच्या मंडळींनी आधण ठेवलं होतं, ते उतरवायचं राहून गेलं. आश्विनात तू तापाने गेलास, असं ठकूबाईने सांगितलं. पाच दिवस आजारी होतास. मेगी पाच दिवस पालाच्या दारात आडवी होती, आणि सहाव्या दिवशी तिने मेंढरं वळली, कारण मेंढरं तशीच थांबली नसती.

ठकूबाईने चहा घेतला. मग कमरेच्या पिशवीतून तुझ्या मुंडाशाचा फाडलेला एक पदर काढला. त्याला गाठ होती. "नाना, ह्यांनी ठिवल्यात. हे लिलावाचं हायेत, म्हनले. इसरू नगंस, म्हनले." गाठीत दहाची एक नोट आणि दोन रुपये सुटे.

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "ठकूबाई, आधी एक ऐक. खारीवरच्या दिवशी चूक माझी होती. वेळ मी चुकीची सांगितली."

"ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच, त्याच दिशी. आदल्या सांजंला चांद बगून त्यांना वाटलं हुतं, नाना एक दिस पुढं गेलं. पर म्हनले, नानाचं गनित हाय, आपन काय बोलायचं."

"मग लोकांना का नाही सांगितलं?"

ती हसली. "म्हनले, नानाला सगळा गाव येळ इचारतोय. उद्यापासनं कुनी इचारलं न्हाई तर त्यो मानूस करील काय दिसभर?"

आमची मंडळी तोंडाला पदर लावून आत गेली. रडायला गेली असं मला वाटलं. आतून हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचाही आला.

धोंडिबा, तुझ्या तोंडावर सांगायचं होतं ते आता इथे लिहितो. त्या दिवशी तू बरोबर होतास आणि मी चुकलो. तू चंद्र सोडून माझं ऐकलंस, आणि त्यात तुझी दोन मेंढरं गेली. तीन वर्षं तू ते माझ्यासाठी झाकून ठेवलंस, आणि मला कळूही दिलं नाहीस की तुला ठाऊक आहे. माझ्याशी इतकं नीट कोणी वागलेलं नाही.

दोन मेंढ्यांचे त्या वेळच्या भावाने छत्तीस रुपये होतात. ते मी ठकूबाईला दिले. ती घेईना. म्हणाली, "बारा घ्यायचे आन् छत्तीस द्यायचे, ह्यो कुठला येव्हार?" मी म्हटलं, हे दोन हिशेब वेगळे आहेत, यांची वजाबाकी करायची नाही. तेव्हा तिने घेतले.

मग मी गाठ सोडली आणि बारा मोजून घेतले. ठकूबाई म्हणाली, "म्हातारी झालीया ती. ठिवता का तुमच्याकडं?" मी सांगितलं की आता मला तसं म्हणता येत नाही, ज्याची कुत्री त्याच्या कळपाबरोबर राहील. पण करार जुना आहे आणि तो तिला पाठ आहे. सकाळी ती शेताकडे जाते, जरा सावकाश, पण कळप अजून तिच्या नजरेनेच वळतो. पोटाखालचे केस मी स्वतः कातरले, पाठीला हात लावला नाही. हे लिहितोय तेव्हा दिवेलागण झाली आहे, आणि ती ओटीवर त्याच वेताच्या खुर्चीखाली पंजे पसरून घोरते आहे.

तर धोंडिबा, हजर माणसं तीन: ठकूबाई, आमची मंडळी आणि मी. कुत्री एक. अकराच्या वर बोली आली आहे, उशिरा आली, पण आली. एक वार, दोन वार, तीन वार. रुपये बारा, धोंडिबाकडून, ठकूबाईच्या हाते, मला पोचले. कुत्री तुझी.